बारा डाव, बाराही बरोबरीत : मग जगज्जेता कोण?



गुकेश जगज्जेता झाला, नागपूरच्या दिव्याने महिला विश्वचषक जिंकला, आणि आपल्याकडे घराघरात बुद्धिबळाच्या बातम्या वाचल्या जाऊ लागल्या. पण क्रिकेट-कबड्डीची सवय असलेल्या माणसाला या बातम्यांमधला एक शब्द खटकतो : बरोबरी. चौथा डाव बरोबरीत, पाचवा बरोबरीत, सहावा, सातवा बरोबरीत. "मग एवढे तास खेळले कशाला?" असं घरातले आजोबा सहज विचारून जातात. प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायला बसलं की बुद्धिबळाच्या जगातली शंभर वर्षांची भांडणं बाहेर काढावी लागतात.

आपल्याला वाटतं, बरोबरी झाली म्हणजे दोघांना सारखंच मिळालं, अन्याय कोणावरच नाही. एका डावापुरतं ते खरं आहे. दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. पण जगज्जेतेपदाच्या सामन्यात शेवटी मुकुट एकाच्याच डोक्यावर जातो. तिथे बरोबरीचा फायदा कोणा एकालाच होतो, आणि तो कोणाला होणार हे सामना सुरू होण्याआधी लिहिलेला नियम ठरवतो. हा मुद्दा नीट समजला तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी थोडी उजळणी. डाव बरोबरीत सुटण्याचे मार्ग बरेच आहेत. एका राजाला शह नाही आणि त्या खेळाडूला नियमात बसणारी एकही चाल उरलेली नाही, म्हणजे मुलं ज्याला स्टेलमेट म्हणतात ते. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. दोघांच्याही ५० चालींत एकही सोंगटी मारली गेली नाही आणि एकही प्यादं हललं नाही तर मागू शकतो. मात करण्याइतक्या सोंगट्याच उरल्या नाहीत तरी बरोबरी. आणि शेवटचा मार्ग, ज्याच्यावरून सगळा वाद आहे तो म्हणजे दोघांनी हात मिळवून ठरवलेली बरोबरी.

लंडन, २०१८

नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनला जगज्जेता मॅग्नस कार्लसन (नॉर्वे) आणि आव्हानवीर फॅबियानो कारुआना (अमेरिका) यांचा सामना झाला. दोघांचं रेटिंग बघा : कार्लसन २८३५, कारुआना २८३२. तीन गुणांचा फरक म्हणजे फरक नाहीच. १२ डाव ठरलेले होते. बाराच्या बारा बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

वर्तमानपत्रात फक्त "बरोबरी" एवढंच वाचणाऱ्याला वाटलं असणार की दोघंही झोपा काढत होते. प्रत्यक्षात पहिलाच डाव ११५ चालींचा आणि सुमारे सात तासांचा झाला. त्यात काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या कार्लसनच्या हातात विजय येऊन निसटला. सहाव्या डावात कारुआनाकडे विजयाचा रस्ता होता, पण तो इतका अवघड की महासंगणकाने दाखवल्यावर मोठमोठ्या ग्रँडमास्टरांनीही डोक्याला हात लावला.

खरा वाद झाला तो बाराव्या डावावरून. कार्लसन काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. पटावर त्याची बाजू वरचढ होती आणि घड्याळातही त्याच्याकडे जास्त वेळ होता. कारुआनाची अवस्था अवघड होती. आणि अशा वेळी ३१व्या चालीला कार्लसननेच बरोबरीचा प्रस्ताव ठेवला! कास्पारोवसारख्या माजी जगज्जेत्याने यावर जाहीर आश्चर्य व्यक्त केलं. जिंकण्याची संधी समोर असताना माणूस हात का पुढे करतो?

उत्तर नियमात आहे. ६-६ झाल्यावर जलद डाव खेळायचे होते, प्रत्येकाला २५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जास्त. संथ बुद्धिबळात दोघं तोडीस तोड असले तरी जलद प्रकारात कार्लसनचं रेटिंग कारुआनापेक्षा सुमारे ९० गुणांनी जास्त होतं. म्हणजे त्याच्यासाठी ती बरोबरी निम्मी-निम्मी नव्हतीच, त्याच्या बाजूला कललेली होती. २८ नोव्हेंबरला जलद डाव झाले आणि कार्लसनने तीनही जिंकले. ३-०. एका दुपारीत निकाल.

मला विचाराल तर कार्लसनचं काही चुकलं नाही. नियम हातात असताना तो आपल्या फायद्याने वापरणं यात लबाडी नाही. पण नियमाकडे बघितलं तर मनात येतं : तीन आठवडे कुस्ती चितपट न होता बरोबरीत सुटली, म्हणून शेवटी दोघांना पंजा लढवायला लावून गदा दिली, असं काहीसं हे झालं. पंजालाही ताकदच लागते. पण आपण गदा कुस्तीची ठेवली होती.

"बरोबरी मोजायचीच नाही" : एक फसलेला उपाय

जलद डावांची ही पद्धत तशी अलीकडची. त्याआधी काय करत होते? सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे बरोबरी मोजायचीच नाही. जो आधी ठरावीक डाव जिंकेल तो विजेता. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन असेच खेळले, सहा विजयांची शर्यत. ३४ डाव लागले, त्यातले २५ बरोबरीत. अलेखिन ६-३ जिंकला. १९७८ मध्ये फिलिपिन्सच्या बागिओत कार्पोव आणि कोर्चनॉय यांना ३२ डाव लागले, कार्पोव ६-५. तोवर ठीक होतं.

मग आलं १९८४. मॉस्को. जगज्जेता अनातोली कार्पोव, वय ३३. आव्हानवीर गॅरी कास्पारोव, वय २१. सहा विजय मिळवा, डावांना मर्यादा नाही. १० सप्टेंबरला सुरुवात झाली. नऊ डाव संपले तेव्हा कार्पोव ४-० ने पुढे. सगळ्यांना वाटलं, दोन आठवड्यांत आटोपेल.

आता कास्पारोवच्या जागी बसून विचार करा. अजून दोन पराभव म्हणजे खेळ खलास. मग तो हरायचं नाही एवढंच ठरवून बसला. पुढचे १७ डाव, दहावा ते सव्विसावा, सलग बरोबरीत! २७वा कार्पोवने जिंकला. ५-०. आता एकच विजय हवा. पण तो एक विजय काही येईना. ३२वा डाव कास्पारोवने जिंकला, नंतर पुन्हा १४ बरोबऱ्या. हिवाळा आला, वर्ष बदललं. कार्पोव उघड थकलेला, बारीक झालेला दिसत होता. ४७वा डाव कास्पारोवने जिंकला, ४८वाही जिंकला. ५-३.

आणि १५ फेब्रुवारी १९८५ ला जागतिक संघटनेचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष फ्लोरेन्सिओ कॅम्पोमानेस यांनी सामना निकालाविनाच थांबवला. कारण दिलं खेळाडूंच्या थकव्याचं. कास्पारोवने तिथल्या तिथे विरोध केला, कारण वारं त्याच्या बाजूने फिरलं होतं. दुसरीकडे कार्पोवचे चाहते म्हणू शकत होते की पाच विजय मिळवून एका विजयावर आलेल्या माणसाची पाटी तुम्ही कोरी करून टाकलीत. पाच महिने, ४८ डाव, ४० बरोबऱ्या, आणि निकाल काहीच नाही.

हे प्रकरण मी थोडं लांबवून सांगितलं, कारण "बरोबरीला किंमतच देऊ नका, मग खेळतील झक मारून" असं म्हणणारी माणसं आजही भेटतात. बरोबरीची किंमत शून्य केली की ती नाहीशी होईल हा समज इथे खोटा ठरला. मागे पडलेल्या खेळाडूसाठी ती जीव वाचवण्याचं साधन झाली. शिवाय सामना बुद्धीचा न राहता शरीर किती तग धरतं याचा झाला. त्या सामन्याचं आयोजन करणाऱ्यांनाही तो पेलवला नाही, मधेच सभागृह बदलावं लागलं. अमर्याद सामन्याची पद्धत जगज्जेतेपदासाठी त्यानंतर पुन्हा आली नाही.

गादी ज्याची त्याच्याकडे

दुसरा उपाय जुना आहे. सामना ठरावीक डावांचा, आणि समसमान सुटला तर गादी जुन्या जगज्जेत्याकडेच राहणार. १९५१ मध्ये बोट्विनिक आणि ब्रॉनस्टीन यांचा सामना १२-१२ सुटला. दोन डाव शिल्लक असताना ब्रॉनस्टीन एका गुणाने पुढे होता. बोट्विनिकने २३वा जिंकला, २४वा बरोबरीत सोडवला आणि किताब राखला. १९५४ मध्ये स्मिस्लोवशी पुन्हा १२-१२, पुन्हा किताब बोट्विनिककडे. स्मिस्लोव पुढे १९५७ मध्ये जगज्जेता झाला. ब्रॉनस्टीन कधीच झाला नाही. तो हरला नव्हता, तरीही.

"राजाला हरवल्याशिवाय राजा होता येत नाही" हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. क्रिकेटमध्ये ॲशेस मालिका बरोबरीत सुटली की ट्रॉफी आधीच्या विजेत्याकडे राहते, तेव्हा आपण तक्रार करत नाही. पण याचा अर्थ आव्हानवीराला शून्याच्या खालून सुरुवात करावी लागते. १९७५ मध्ये बॉबी फिशरने हे टोकाला नेलं. त्याची मागणी होती : दहा विजयांची शर्यत, बरोबऱ्या मोजायच्या नाहीत आणि ९-९ झालं तर किताब माझ्याकडेच. म्हणजे आव्हानवीराला किमान १०-८ असं जिंकावं लागलं असतं. फिडेने ९-९ ची अट नाकारली, फिशर खेळलाच नाही आणि कार्पोव एकही चाल न करता जगज्जेता झाला.

या नियमाचं एक श्रेय मात्र द्यायला हवं. त्याने शेवटचे डाव जिवंत ठेवले. १९८७ ला सेव्हिलमध्ये २३ डावांनंतर आव्हानवीर कार्पोव १२-११ ने पुढे होता. कास्पारोवला शेवटचा डाव जिंकणं भागच होतं, बरोबरी म्हणजे गादी गेली. त्याने तो जिंकला. १२-१२, किताब शाबूत. तिथे बरोबरी कार्पोवला पुरेशी होती, म्हणून प्रत्येक चालीला वजन होतं. बघणाऱ्याला ते कळत होतं, बुद्धिबळ फारसं येत नसलं तरी.

लोक कंटाळतात ते कशाला?

मला वाटतं, लोकांच्या कंटाळ्याबद्दल आपण थोडा चुकीचा अंदाज बांधतो. बरोबरीचा कंटाळा येत नाही. जोखीम कुठेच दिसत नाही याचा कंटाळा येतो. जानेवारी २०२१ ची सिडनी कसोटी आठवा. हनुमा विहारी जायबंदी, अश्विनची पाठ धरलेली, आणि दोघं चेंडू अंगावर घेत दिवस संपेपर्यंत उभे. निकाल काय? अनिर्णित. पण तो दिवस कोण विसरलं?

आता उलट उदाहरण. २०१६, न्यूयॉर्क, कार्लसन विरुद्ध सर्गेई कार्याकिन. ११ डावांनंतर बरोबरी असताना बारावा डाव सुमारे अर्ध्या तासात संपला, दोघंही जलद डावांवर डोळा ठेवून. तिकीट काढून आलेल्या माणसाने कोटाची बटणं सोडेपर्यंत खेळ संपला होता. दोन दिवसांनी जलद डावांत कार्लसनने वजिराचं बलिदान देऊन सामना संपवला आणि त्या एका चालीचं चित्र जगभर फिरलं. म्हणजे आयोजकांच्या दृष्टीने जलद डावांनी प्रेक्षक परत आणले. पण त्याच जलद डावांच्या सोयीमुळे बारावा डाव मेला, हेही तितकंच खरं.

मुळात एवढ्या बरोबऱ्या होतात का? एक तर संगणक. सुरुवातीच्या वीस-पंचवीस चाली खेळाडू घरूनच तपासून येतात, त्यात चूक सापडणं कठीण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं : सामने आखूड झाले. २४ डावांत एक पराभव पचवता येतो, भरून काढायला वेळ असतो. १२ डावांत एक पराभव म्हणजे डोंगर. मग खेळाडू जोखीम कशाला घेईल? फिडेने २०२१ पासून डाव १४ केले. त्या वर्षी दुबईत पहिले पाच डाव बरोबरीत सुटले, सहावा १३६ चालींचा झाला, जगज्जेतेपदाच्या इतिहासातला सर्वांत लांब. तो कार्लसनने जिंकला आणि नंतर नेपोम्नियाची जो कोसळला तो उठलाच नाही. ७.५-३.५. त्या पाच बरोबऱ्यांमध्ये ताण साठत गेला होता, फुटला सहाव्यात.

आपल्या गुकेशच्या सामन्यातही तेच. सिंगापूर, २०२४. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग सात डाव बरोबरीत. बरेच जण कंटाळले. पण डाव उघडून बघणाऱ्याला दिसत होतं की गुकेश बरोबरी टाळायला धडपडतोय. सहाव्या डावात तर स्वतःची बाजू किंचित कमी असताना त्याने स्थितीची पुनरावृत्ती नाकारली. १२ डिसेंबरच्या चौदाव्या डावात त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं, तरी स्थिती बरोबरीचीच. डिंग लिरेनला बरोबरी झाली असती तर ७-७ आणि जलद डाव, जिथे अनेकांच्या मते डिंग जड गेला असता. गुकेश काळ्या सोंगट्यांनी तासन् तास दाबत राहिला आणि ५५व्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला.

या सामन्यात बक्षिसाची रचनाही लक्षात घेण्यासारखी होती. जिंकलेल्या प्रत्येक डावाला दोन लाख डॉलर, उरलेली रक्कम निम्मी-निम्मी. म्हणजे डाव जिंकण्याला थेट दाम. याचा खेळावर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण दिशा मला योग्य वाटते.

गणिताच्या तासाला करून बघण्यासारखं

बरोबरी कमी करायला काही ठिकाणी फुटबॉलसारखी ३-१-० पद्धत आली : विजयाला ३, बरोबरीला १. स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेने २००८ मध्ये ती वापरली. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे उदाहरण द्या. दोघांच्या १२ डावांच्या सामन्यात अ ने २ जिंकले, ब ने १, बाकी ९ बरोबरीत. जुन्या पद्धतीने ६.५ आणि ५.५. नव्या पद्धतीने १५ आणि १२. पुढे कोण? दोन्हीकडे अ च. आकडे कसेही बदलून बघा, दोघांच्याच सामन्यात ही पद्धत निकाल बदलतच नाही, कारण बरोबरीचे गुण दोघांना सारखे मिळतात. सगळे डाव बरोबरीत गेले तर ६-६ ऐवजी १२-१२, एवढंच. अनेक खेळाडूंच्या स्पर्धेत मात्र फरक पडतो. तिथे एक विजय आणि एक पराभव म्हणजे ३ गुण, दोन बरोबऱ्या म्हणजे २ गुणच. मुलांना हे स्वतः सापडू द्या, फार मजा येते.

नॉर्वे चेस स्पर्धेने वेगळा मार्ग काढला. संथ डाव बरोबरीत सुटला की लगेच त्याच दिवशी आर्मागेडन : पांढऱ्याला १० मिनिटं, काळ्याला ७, पण बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरायचं. संथ डाव जिंकला तर ३ गुण, आर्मागेडनच्या विजेत्याला १.५, हरणाऱ्याला १. प्रेक्षकाला रोज निकाल मिळतो.

जगज्जेतेपदाच्या सामन्यासाठी अनेकांनी आणखी एक कल्पना मांडली आहे, आणि मला स्वतःला ती सगळ्यात जास्त पटते : जलद डाव शेवटी न घेता सुरुवातीलाच घ्यायचे. मग ६-६ झालं तर कोण जिंकणार हे पहिल्या दिवसापासून माहीत राहील. एकाला बरोबरी पुरेल, दुसऱ्याला जिंकावंच लागेल, आणि सेव्हिलसारखा ताण प्रत्येक डावात राहील. फरक एवढाच की तो फायदा गादीवर बसलाय म्हणून मिळालेला नसेल, पटावर कमावलेला असेल. यातही ज्याला बरोबरी पुरते तो भिंत बांधून बसेल हा धोका आहेच.

हात मिळवून ठरवलेली बरोबरी

आता मूल्यशिक्षणाचा भाग. १९६२ मध्ये कुरासाओ बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. पेट्रोशियन, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू एकमेकांशी जेवढे डाव खेळले ते सगळे, म्हणजे बारा, बरोबरीत सुटले, बरेचसे झटपट. तिघांनी शक्ती वाचवली आणि बाकीच्यांशी ताजेतवाने खेळले. फिशरने संगनमताचा जाहीर आरोप केला. फिडेला पद्धत बदलावी लागली, पुढच्या वेळेपासून आव्हानवीर ठरवायला दोघा-दोघांचे बाद पद्धतीचे सामने आले. इथे नुकसान चौथ्या माणसाचं होतं, हे मुलांना समजावून सांगा. दोघांनी आपसात वाटून घेतलं की तिसऱ्याला वाटतं माझं काय गेलं? जातं. त्याचाच गुणतक्ता बिघडतो.

२००५ मध्ये बल्गेरियातल्या सोफियाच्या स्पर्धेने खेळाडूंना आपसात बरोबरी ठरवायला बंदी घातली. तो नियम आज सोफिया नियम म्हणून ओळखला जातो आणि वेगवेगळ्या रूपांत बऱ्याच स्पर्धांत आहे. सगळं थांबत नाही, ठरवून तीनदा तीच स्थिती आणता येतेच.

३१ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये जागतिक ब्लिट्झ स्पर्धेच्या अंतिम फेरीत कार्लसन २-० ने पुढे होता, नेपोम्नियाचीने २-२ केलं, मग तीन डाव सलग बरोबरीत. तेव्हा कार्लसनने सुचवलं की किताब वाटून घेऊ, आणि फिडेने मान्य केलं! दोन जगज्जेते. टीका खूप झाली, आणि माझ्या मते रास्त झाली. नियमात विजेता एकच होता. त्या एका जागेसाठी आधीच्या फेऱ्यांत बाकीचे खेळाडू बाहेर पडले होते.

हा प्रसंग मी चौथीच्या मुलांपुढे ठेवला आणि तुम्ही पंच असता तर काय केलं असतं ते लिहायला सांगितलं. "दोघं थकले असतील तर उद्या खेळा" हे उत्तर सगळ्यात जास्त आलं. एकीने लिहिलं, सहा-सहा महिने गादी द्या. शेजारच्याने लगेच विचारलं, पहिले सहा महिने कोणाला?

आपल्या महाराष्ट्राच्या आनंदाचं उदाहरण घ्या. जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. दोन्ही संथ डाव बरोबरीत, १-१. आता जलद डाव. आणि हम्पी तर डिसेंबर २०२४ मध्येच जागतिक जलद स्पर्धा जिंकून आलेली! म्हणजे कागदावर नियम कोणाच्या बाजूला कलला होता हे उघड आहे. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला, दुसरा दिव्याने जिंकला. विश्वचषक मिळाला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही.

पालकांसाठी

आपल्या मुलांच्या स्पर्धांतही हेच प्रश्न लहान आकारात येतात. एक नेहमीची तक्रार : "माझ्या मुलाला ५ गुण, त्यालाही ५ गुण, मग तो तिसरा आणि माझा सातवा कसा?" बहुतेक ठिकाणी कारण असतं बुखोल्झ. नाव अवघड, हिशेब सोपा. तुमचं मूल ज्यांच्याशी खेळलं त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त गुण मिळवणारे, त्याला कठीण वाट मिळाली असं धरतात आणि वरचा क्रमांक देतात. पूर्ण न्याय्य आहे असं नाही, कारण प्रतिस्पर्धी मूल निवडत नाही. पण पंचांनी पक्षपात केला असं त्यात काही नसतं.

दुसरी गोष्ट मात्र मला खरंच खुपते. घड्याळं नसतात, वेळ कमी असतो, म्हणून काही शालेय स्पर्धांत अर्ध्या तासाने डाव थांबवून सोंगट्यांचे गुण मोजतात. वजीर ९, हत्ती ५, उंट-घोडा ३, प्यादं १. ज्याचे जास्त तो विजयी. ज्या मुलीने दोन चालींत मात होईल म्हणून हत्ती देऊन टाकला, ती इथे हरते! आणि मुलं लगेच शिकतात : पुढे निघालो की सोंगट्या धरून बसायचं. बरोबरी द्यायला मोठी माणसं तयार नाहीत, म्हणून खेळच बदलून टाकायचा, असा हा प्रकार आहे. अशा वेळी दोघांना अर्धा गुण द्यावा, किंवा एखादा शिक्षक दोन घड्याळं घेऊन उरलेला डाव पाच-पाच मिनिटांत पूर्ण करून घेऊ शकतो.

शेवटच्या फेरीत "बरोबरी घे, ट्रॉफी नक्की आहे" असं बाहेरून खुणावणारे पालकही आपण पाहतो. बरोबरी घ्यायची की नाही हे मुलाला ठरवू द्या. स्थिती खरंच समान असेल तर त्याने खुशाल हात पुढे करावा. त्याला अजून खेळावंसं वाटत असेल तर खेळू द्यावं, हरला तरी.

पुढच्या वेळी मुलाला स्पर्धेला घेऊन जाल तेव्हा पहिली फेरी सुरू होण्याआधी पंचांना दोन गोष्टी विचारून घ्या. गुण सारखे झाले तर क्रमांक कशावरून ठरणार, आणि वेळ संपली तर अपुऱ्या डावाचं काय करणार. उत्तरं मुलासमोरच ऐका, म्हणजे त्यालाही कळतील.